'बुवा' आणि 'बाई' : गायनक्षेत्रातील दोन उपपदे

भास्करबुवा बखले (१८६९–१९२२), केसरबाई केरकर (१८९२–१९७७) व मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) हे तिघेही अल्लादियाखाँसाहेबांचे शिष्य. गुरू एक; उपपदे मात्र भिन्न. कीर्तनकारासही लागणारे 'बुवा' हे उपपद विद्येचा अधिकार सुचविते. 'बाई' हे अहिल्याबाईंच्या नावात निखळ आदरार्थी. गायिकेच्या नावास जोडले जाताच मात्र लोकांच्या कानी त्यास कलावंतिणीच्या पेशाची छटा येई. मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर (१९३२–२०१७) यांस रसिकांनी 'ताई' म्हटले. ती छटा गेली व घरचे नाते आले. विद्येचा निर्देश याही शब्दात नाही. आज निवेदक 'विदुषी' म्हणतात खरे, परंतु 'बुवा'प्रमाणे ते उपपद नावाशी एकजीव झालेले नाही. गायिकेची विद्या समाजाने ऐकली. तिला नाव देण्यास मात्र तो कचरला, असेच म्हणावे लागते.