पंक्तीतून पाइस होटेलात

हावड्याचा पूल ओलांडून कलकत्त्यात शिरणाऱ्या मराठी चाकरमान्यापुढे पहिला प्रश्न घराचा नसतो, जेवणाचा असतो. (शहराचे सरकारी नाव २००१ पासून कोलकाता झाले आहे; जुन्या गोष्टी सांगताना जुनेच नाव आमच्या लेखणीला सोयीचे पडते, ते वाचकांनी गोड मानून घ्यावे.) निवासस्थानाचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत यथावकाश येतो, तोवर कुणाच्या तरी ओसरीवर वळकटी पसरता येते. पोटाला मात्र कागद दाखवून थोपवता येत नाही. आमची येथे बदली झाली तेव्हा मुलांच्या शाळेमुळे कुटुंब मागे नागपुरासच राहिले होते. कचेरीतील एका वयस्क बंगाली सहकाऱ्यांना आमच्या मुद्रेवरून काय ते उमगले असावे. पहिल्याच दुपारी ते आम्हांस जानबाजारात, राणी रासमणी रस्त्यावरील 'सिद्धेश्वरी आश्रमा'त घेऊन गेले. नाव ऐकून आम्ही पादत्राणे काढण्याच्या बेतात होतो. आत पाहतो तो माशांच्या रश्शाचा घमघमाट!

या प्रकारच्या भोजनगृहांना कलकत्त्यात 'पाइस होटेल' म्हणतात. पाइस म्हणजे आपलाच पैसा. आपल्या नाण्याचे नाव इंग्रजांनी उचलले, त्याला आपले उच्चार दिले आणि बंगाल्यांनी ते त्यांच्याकडून परत घेतले. १९५७ च्या एप्रिलात दशमान नाणी सुरू होईपर्यंत रुपयाचे पैसे चौसष्ट होते. या चौसष्टांतील चार-सहा पैशांत कारकुनाचे दुपारचे जेवण व्हावे, या हिशेबाने ही होटेले उभी राहिली. येथे 'थाळी' नाही. भात निराळा, डाळ निराळी, चच्चडी निराळी, मासा तर निराळा आहेच; इतकेच नव्हे, केळीच्या पानाचे, मातीच्या खुरीचे आणि लिंबाच्या फोडीचेही दाम स्वतंत्र. वाढपी एका दमात सारी यादी म्हणून दाखवतो, आपण हो-नाही म्हणायचे, आणि उठताना तोच वाढपी आपण काय काय खाल्ले ते गल्ल्यावरच्या मालकाला ओरडून सांगतो. कागद नाही, पेन्सिल नाही. वीस माणसांच्या पोटातला हिशेब एका माणसाच्या डोक्यात! आमच्या लेखापरीक्षण खात्यातील मित्रांनी हा चमत्कार एकदा अवश्य पाहावा.

वरवर पाहता ही केवळ काटकसरीची व्यवस्था आहे. तसे पाहिले तर तीतच तिची सभ्यताही आहे. ज्याच्या खिशात भात-डाळीपुरतेच पैसे आहेत, तो भात-डाळ खाऊन ताठ मानेने उठतो. शेजारच्याने चितळ माछ घेतला म्हणून त्याचा भार याच्यावर पडत नाही. ही होटेले वाढली ती मुख्यतः मेदिनीपूर, ओडिशा आणि पूर्व बंगालातून एकट्याने येऊन राहणाऱ्या पुरुषांच्या जिवावर. हे लोक 'मेसबाडी'त राहत, एका खोलीत तिघेचौघे. शरदिंदू बंद्योपाध्यायांच्या ब्योमकेश बक्षीची पहिली कथा अशा मेसमध्येच घडते, हे दूरदर्शनवरील मालिकेमुळे मराठी वाचकांसही ठाऊक आहे. (हे शरदिंदूबाबू १९५२ नंतर पुण्यास स्थायिक झाले आणि शिवकालावर बंगालीत मुलांसाठी कथा लिहू लागले. बर्गी म्हणून ज्यांची धास्ती घेतली, ज्यांच्यासाठी १७४२ मध्ये कलकत्त्याभोवती 'मराठा खंदक' खणावयास घेतला, त्यांच्या गावी बंगाली साहित्यिकाने बिऱ्हाड करावे, यात इतिहासाचा काही विनोद असलाच तर तो आम्हांस आवडतो.)

मुंबईच्या गिरणगावातही एकटे पुरुष होतेच. पण तेथे त्यांना जेवू घातले ते खाणावळवाल्या बायांनी. कोकणातल्या आणि घाटावरच्या या बाया राहत्या खोलीत दोन वेळचा स्वयंपाक रांधत. त्यांचीच संघटना पुढे १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने बांधली. कलकत्त्यात चूल पुरुषाच्या हाती राहिली, आणि पुष्कळदा ती ओडिया ब्राह्मणाच्या हाती राहिली. तसे का व्हावे, याचे उत्तर अनेक जुन्या होटेलांच्या पाटीवरच असे. पाटीवर 'हिंदू होटेल' असे लिहिलेले असावयाचे. प्रेसिडेन्सी महाविद्यालयाजवळच्या भवानी दत्त गल्लीत एक असेच 'हिंदू होटेल' होते. ओडिशातून आलेल्या मनगोविंद पंडा यांनी ते काढले. सुभाषबाबू विद्यार्थिदशेत तेथे जेवत असे सांगतात. स्वातंत्र्यानंतर नावामागे 'स्वाधीन भारत' जोडले गेले, पण 'हिंदू' हा शब्द राहिला. या शब्दाचा त्या काळचा अर्थ धर्मापेक्षा चुलीशी अधिक जुळलेला होता. आत ब्राह्मण रांधतो, तेव्हा आपली जात सुखरूप आहे, अशी ती हमी होती. मुसलमान गिऱ्हाइकास ती पाटी काय सांगत होती हे वेगळे सांगावयास नको. त्याने चितपूरच्या वा मटियाबुरुजच्या वाटेस लागावे.

ही हमी बंगाल्याला का लागावी? कारण बाहेर खाणे हे या शहरात एके काळी बंडच होते. हिंदू कॉलेजात डेरोझिओच्या हाताखाली शिकलेल्या तरुणांनी १८३१ च्या ऑगस्टात कृष्णमोहन बंद्योपाध्यायांच्या घरी गोमांस आणविले आणि हाडे शेजारच्या ब्राह्मणाच्या वाड्यात भिरकावली. कृष्णमोहन त्या वेळी घरी नव्हते, तरी त्यांनाच घराबाहेर पडावे लागले. पुढच्या वर्षी ते ख्रिस्ती झाले. त्यानंतरच्या दशकातील राजनारायण बसू हे ब्राह्मसमाजी आणि पुढे मोठे देशाभिमानी. त्यांनी आत्मचरितात मोकळेपणे लिहिले आहे की, कॉलेजात असताना आपण मित्रांसह गोलदिघीच्या काठी शिककबाब आणवून खात होतो. १८४० मध्ये डेव्हिड विल्सन याने काढलेले हॉटेल पुढे 'ग्रेट ईस्टर्न' म्हणून प्रसिद्धीस आले. पण कित्येक वर्षे 'विल्सनकडे जेवून आला' एवढे म्हटले की मुलगा हातचा गेला, असे बापाने समजावे. तोंडात काय घातले यापेक्षा कोणाच्या हातचे आणि कोणाच्या शेजारी बसून घातले, हा खरा गुन्हा होता.

आता हे वाचून आम्हां मराठी मंडळींनी बंगाल्यांच्या सोवळ्याला हसू नये, कारण यापुढचा अंक आमच्याच माणसांचा आहे, आणि त्याचा आरंभ कलकत्त्यातच होतो. १८८१ च्या सुमारास टपाल खात्यातील एक मराठी नोकर बदलून या प्रांतात आला. आम्हां सर्व बदलीवाल्यांचा तो पूर्वजच म्हणावा. त्याचे नाव गोपाळ विनायक जोशी आणि त्याची पत्नी आनंदीबाई. त्यांनी कलकत्ता-श्रीरामपुरात काढलेले दिवस सुखाचे नव्हते. नवरा-बायको रस्त्याने बरोबर चालतात, एवढ्यावरूनही लोक टकमक पाहत. १८८३ च्या आरंभी आनंदीबाईंनी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात, आपण अमेरिकेस का जातो, यावर भाषण केले. जातीबाहेर टाकले जाण्याचे भय त्यांनी लपविले नाही. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी सांगितले. एप्रिलात त्या येथूनच जहाजावर चढल्या. समुद्रावरील त्या दीर्घ प्रवासात, परक्यांच्या टेबलापाशी, शाकाहारी ब्राह्मण मुलीने काय खाल्ले असेल याचा विचार आम्ही हुगळीच्या घाटावर उभे राहून पुष्कळदा केला आहे. वय अवघे अठरा. १८८७ मध्ये, डॉक्टर होऊन परतल्यावर काही महिन्यांतच, त्या पुण्यास वारल्या.

आणि याच गोपाळरावांनी तीन वर्षांनी पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहाचा तो प्रसिद्ध घाट घातला. १८९० सालच्या त्या बैठकीस रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कोणी पेला तोंडास लावला, कोणी नुसता हातात धरला. पुढे उपस्थितांची नावे छापून आली, ग्रामण्य उभे राहिले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले आणि रानड्यांसारख्या माणसानेही अखेर प्रायश्चित्त घेतले. एका पेला चहासाठी! गोपाळराव विक्षिप्त होते हे आम्हांस मान्य आहे. घरात त्यांनी आनंदीबाईंना जे सोसावयास लावले त्याची सफाई आम्ही देणार नाही. पण पुण्यातील थोरांच्या धैर्याची नेमकी खोली किती, हे त्यांनी चहाच्या चमच्याने मोजून दाखविले, हेही नाकारता येत नाही.

तो चमचा पुढे इतरांनी उचलला. कोल्हापुरास गंगाराम कांबळे या अस्पृश्य मानलेल्या तरुणास पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मार बसला, तेव्हा शाहू महाराजांनी त्याला चहाचे दुकान काढून दिले आणि स्वतः गाडी थांबवून तेथील चहा घेतला. गाडीतल्या मानकऱ्यांनाही तो घ्यावा लागला. कोणत्याही परिषदेतील ठरावापेक्षा आम्हांस ही गोष्ट मोठी वाटते. सावरकरांना १९११ मध्ये अंदमानास नेले; तेथून सुटून रत्नागिरीस स्थानबद्ध असताना त्यांनी १९३३ मध्ये 'अखिल हिंदू उपाहारगृह' काढविले, ज्यात पूर्वास्पृश्याच्या हातचा चहा मिळे. पाटीवरील शब्द कलकत्त्यातलाच, 'हिंदू'. पण कलकत्त्यात तो शब्द चुलीभोवती कुंपण घालीत होता, रत्नागिरीत तो निदान हिंदूंपुरते ते कुंपण मोडू पाहत होता. मुसलमान मात्र दोन्ही पाट्यांच्या बाहेरच उभा होता.

येथे घरचे एक सांगणे प्राप्त आहे. आमचे आजोबा त्याच दशकात हिशेबनिसाच्या कामावर दोन वर्षे कलकत्त्यात होते. ती दोन्ही वर्षे त्यांनी हाताने पिठले-भात करून काढली. कचेरीतल्या माणसांबरोबर ते एकदाही जेवले नाहीत. त्यांची पत्रे आमच्या घरी अजून आहेत. त्यांत भाताचा भाव आहे, पावसाची हकीकत आहे, आणि 'येथे कोणी घरी येत नाही' हे वाक्य तीन निरनिराळ्या पत्रांत आहे. त्यांच्याकडे कोणी का जात नव्हते, हे त्यांना कधी उमगले की नाही, कोण जाणे. सिद्धेश्वरीत पानावर कविराजी झोल वाढला जात असताना (आजाऱ्यालाही मानवेल असा हा माशाचा पातळ रस्सा) आम्हांस ती पत्रे आठवली. एका बाजूस एक हमाल, दुसऱ्या बाजूस एक वकील, समोर आमचे बंगाली सहकारी. कोणी कोणास आडनाव विचारीत नव्हते. आमच्या आजोबांना ही पायरी चढता आली असती तर त्यांची दोन वर्षे निराळी गेली असती, आणि कोणाची जात त्यामुळे बुडाली नसती.

ही समता कोणी उपदेशाने आणलेली नाही, हेही लक्षात ठेवावे. ती चार पैशांनी आणली. म्हणूनच तिची मर्यादाही पैशापाशीच संपते. १९४३ च्या दुष्काळात खेड्यांतून आलेली माणसे या शहराच्या रस्त्यांवर दारोदार भाताची पेज मागत होती. भात मागण्याचे धाडसही त्यांच्यात उरले नव्हते. बंगालात त्या काळात सुमारे तीस लाख माणसे गेली असे मानतात. शहरातील होटेलांच्या चुली त्या वेळीही पेटत होत्या आणि कचेऱ्यांतील लोक जेवत होते. पाइस होटेलाचे कौतुक करताना हे चित्र झाकून ठेवणे आम्हांस जमत नाही.

फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांपैकी काही कुटुंबांना १९४९ पासून कलकत्त्याहून जहाजाने अंदमानात नेऊन वसविण्यात आले. ज्या बेटांवर एके काळी जन्मठेपेचे कैदी जात, त्यांवर आता भातशेतीची आणि मासळीची माणसे गेली. आमचे एक स्नेही पोर्ट ब्लेअरला होते. (त्याचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले.) ते सांगत की तेथील बाजारात पहिल्यांदा जेवावयास बसल्यावर आपण समुद्रापार आलो आहोत असे वाटलेच नाही, तोच भात, तोच झोल, तीच बंगाली हाकाटी. खिदिरपूरच्या गोदीपाशी आजही एक जुने पाइस होटेल आहे आणि त्याचे नाव 'यंग बेंगॉल'! कृष्णमोहनांच्या बंडखोर मित्रांचे नाव पाटीवर, आणि आत वरण, भात, मासा.

विभूतिभूषण बंद्योपाध्यायांची 'आदर्श हिंदू होटेल' (१९४०) ही कादंबरी आमच्या बदलीवाल्या वाचकांनी अवश्य मिळवून वाचावी. राणाघाट स्टेशनाजवळच्या होटेलातील हजारी ठाकूर हा आचारी, हातची चव अपूर्व, वागणूक गरीब. मालक आणि मोलकरीण दोघेही त्याला छळतात; पुढे तो स्वतःचे होटेल काढतो, ते चालते. आणि अखेरीस, उतरत्या वयात, एका रेल्वे कंपनीच्या होटेलाचा कारभार पाहण्यासाठी गाव सोडून निघतो. जाणार कोठे, तर मुंबईस.