३ई आणि चादरीची भोकं

इंजिनिअरिंगला असताना आम्ही ८०८५चे ऑपकोड चक्क पाठ करायचो. एमव्हीआय ए म्हणजे ३ई, एमव्हीआय बी म्हणजे ०६. किटवर हेक्स आकडे दाबायचे, उत्तर वहीत उतरवायचं, संपलं. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "३ईच का?" मी गप्प. (अजूनही आठवलं की कान गरम होतात.)

उत्तर मिळालं ते सोलापुरातच, पूर्व भागात. मित्राचे वडील जकार्ड मागावर चादरी विणायचे. मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ, पट्ट्यांना भोकं. म्हटलं, काका, हे चालतं कसं?

"भोक असलं तर सुई आत जाते, हूक वर, उभा दोरा वर. नसलं तर दोरा खालीच. मग धोटा जातो. एक पट्टी, एक आडवा दोरा. त्यात काय एवढं?"

घरी येऊन ३ई बायनरीत लिहिला: ००१११११०. खाली ०६: ०००००११०. मधले तीन बिट सोडले तर दोन्ही सेम! आणि ते तीन बिट म्हणजे रजिस्टर: १११ असेल तर ए, ००० असेल तर बी. म्हणजे तो आकडा नव्हताच, भोकांची पट्टी होती.

मग वाचत सुटलो. फ्रान्समधल्या लिऑनच्या जकारने हा माग १८०४च्या सुमारास बनवला. १८३०च्या दशकात बॅबेजने तीच कार्डं आपल्या अ‍ॅनालिटिकल इंजिनसाठी घेतली. यंत्र काही पूर्ण झालं नाही. इकडे सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ची आणि इंटेलचा ८०८५ आला १९७६ला. मागांशी आमच्या गावाचा संसार एवढा जुना, पण सिलॅबसमध्ये त्याबद्दल चकार शब्द नाही! असो.

अर्थात माग म्हणजे कॉम्प्युटर नव्हे. माळेची दोन टोकं जोडलेली असतात म्हणून नक्षी पुन्हा पुन्हा येते, तो झाला लूप. पण 'उत्तर शून्य नसेल तर मागे जा', म्हणजे आपलं जेएनझेड, ते मागाला जमत नाही. बॅबेजला नेमकं तेच हवं होतं: आलेलं उत्तर बघून यंत्राने स्वतःच कार्डं मागे फिरवायची.

काकांना विचारलं, आडवा दोरा तुटला तर?

"माग थांबवायचा, पट्ट्या हाताने मागे घ्यायच्या, परत चालू."

तिथला जंप काकाच होते.