ठाणें-कल्याणाकडील सरपण व चुलीचा धूर

जुन्या घराच्या माळ्यावरून उतरविलेल्या दप्तरांच्या रुमालांवर पुष्कळदां काजळीचीं पुटें आढळतात, हें संग्राहकांस ठाऊक आहेच. अशा घरास धुराडें क्वचितच असे. चुलीचा धूर माळ्यावरून कौलांच्या फटींतून निघे. जी काजळी रुमालावर बसली तीच फुंकणी घेऊन चुलीपुढें बसणाऱ्या स्त्रीच्या छातींत गेली. रुमाल आपण जपले. तिच्या खोकल्याची नोंद मात्र त्यांत सहसा सांपडत नाहीं.

मराठी अमलांतील कागदांत सरपण दिसतें तें बहुधा वेठबिगारीच्या बाबतींत, लांकूडफाटा या नांवानें. ठाणें-कल्याणाकडील रयतेच्या स्वतःच्या चुलीचें जळण रानांतून येई. त्याचा हिशेब ठेवण्याचें कोणास कारण नव्हतें. पुढें स्थिति पालटली. ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यास व १८५४ च्या मे महिन्यांत कल्याणास आगगाडी पोहोंचली, आणि हें रान मुंबईच्या वखारींस जवळ आलें. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राखीव रानांतील पुष्कळशी जुनी वहिवाट हक्क न राहतां सवलत ठरली. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींच्या चौकशीसाठीं १८८५ त मुंबई सरकारास मंडळ नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ त निघाला. त्या वादांत भाताची दाढ भाजण्याच्या राबाचा प्रश्न मोठा होता.

चांगलें लांकूड दुर्मिळ झालें म्हणजे गरिबाघरीं ओल्या काटक्या, पालापाचोळा व गोवऱ्या जळतात, आणि धूर वाढतो. शहराच्या शेगडीसाठीं रानांत कोळसा पाडणारा कातकरी स्वतःच्या खोपटांत काटक्याच जाळी.

या धुराचा परिणाम वैद्यकानें उशिरां टिपला. दिल्लींतील हृद्रोगाच्या रुग्णांविषयीं १९५९ त प्रसिद्ध झालेल्या लेखांत डॉ. पद्मावती व डॉ. पाठक यांनीं स्त्रियांच्या व्याधीचा संबंध घरांतील धुराशीं जोडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें २०२० या एका वर्षांत घरगुती धुरामुळें जगांत ३२ लक्ष मृत्यु झाले. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनें गॅस पुष्कळ घरीं पोहोंचला. तथापि टाकी पुन्हां भरण्याची ऐपत नसल्यास चूल पुन्हां पेटते.

म्हणून संग्राहकांस विनंति एवढीच कीं, खासगी जमाखर्चांतील सरपण, कोळसा, गोवऱ्या व घासलेट यांच्या नोंदी क्षुल्लक समजून टाकूं नयेत. सनदा व वंशावळी ज्या घरांत जपल्या गेल्या, त्याच घरांतील चुलीचा इतिहास या नोंदींवांचून लिहितां येणार नाहीं.