वेष आणि संकेत : शृंगारपरंपरेतील 'लीले'चा विचार

१

प्रेमी युगुलाने एकांतात आपला नित्याचा वेष काही काळ बाजूला ठेवावा, परस्परांचा किंवा एखाद्या तिऱ्हाइताचा वेष घ्यावा, त्या वेषाला साजेल असे बोलावे-चालावे आणि या खेळातून एकमेकांविषयीची ओढ नव्याने अनुभवावी, ही गोष्ट पाश्चात्त्यांच्या अनुकरणाने आपल्याकडे आली, असा समज सुशिक्षितांत आढळतो. साहित्याच्या इतिहासापुढे हा समज टिकत नाही. या क्रीडेला आपल्या शास्त्रकारांनी नाव दिले आहे, तिची व्याख्या केली आहे, कवींनी ती रंगविली आहे आणि चित्रकारांनी तिची चित्रे काढली आहेत. तथापि 'आमच्याकडे हे पूर्वीपासून होते' एवढे म्हणून समाधान मानण्यात अर्थ नाही. वेषाच्या या खेळाला आपल्या परंपरेने कोणती मर्यादा घातली, ती कोठे पाळली गेली आणि कोठे तिचा भंग झाला, हा खरा प्रश्न आहे; आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

२

भरताच्या नाट्यशास्त्रात स्त्रियांचे जे दहा स्वभावज अलंकार सांगितले आहेत, त्यांत पहिले स्थान 'लीले'ला आहे. प्रियकराच्या बोलण्याचे, चेष्टितांचे आणि वेषभूषेचे प्रेयसीने प्रेमाने केलेले अनुकरण म्हणजे लीला. दहाव्या शतकाच्या अखेरीस माळव्यात धनंजयाने 'दशरूपका'त आणि चौदाव्या शतकात विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त हीच कल्पना थोड्याफार फरकाने मांडली. विश्वनाथाच्या व्याख्येत अंगविक्षेप, वेष, अलंकार आणि वचने यांचा उल्लेख आहेच. पण हे अनुकरण प्रीतीने प्रेरित झालेले असले पाहिजे, अशीही अट तीत आहे. ही अट सहज आलेली नाही. अनुकरण उपहासासाठी होते, फसवणुकीसाठी होते, पोटासाठीही होते. बहुरूपी वेष घेतो, हेर वेष घेतो, नट वेष घेतो. या सर्वांपासून प्रेमिकांचा वेष वेगळा काढावयाचा तर त्याचे प्रयोजन सांगावेच लागते, आणि ते प्रयोजन प्रीती हे होय.

याच दशकातील आणखी दोन अलंकार वेषाशी निगडित आहेत. अल्पशा प्रसाधनाने अधिक शोभा येणे ही 'विच्छित्ती'. आणि त्वरेमुळे वा भावावेगामुळे दागिने भलत्याच ठिकाणी घातले जाणे हा 'विभ्रम'. ही तिन्ही लक्षणे एकत्र वाचली म्हणजे वेषनिवडीचे एक लहानसे शास्त्रच हाती येते. लीला सांगते की वेष दुसऱ्याच्या प्रेमाखातर घ्यावा. विच्छित्ती सांगते की तो संपूर्ण असण्याची गरज नाही. कृष्ण होण्यास एक मोरपीस पुरते. विभ्रम सांगतो की चूक झाली, मेखला गळ्यात आली, तरी रसहानी होत नाही, उलट भावाची साक्षच पटते. रंगभूमीवरील आहार्य अभिनयात नेपथ्य बिनचूक असावे लागते, कारण प्रेक्षक तिऱ्हाईत असतो. एकांतातील वेषाचा प्रेक्षक एकच असतो, आणि तो सारे काही जाणून असतो.

वात्स्यायनाने हा विषय व्यवहाराच्या अंगाने हाताळला आहे. 'कामसूत्रा'तील चौसष्ट कलांत नेपथ्यप्रयोग आहे, वस्त्रगोपन आहे आणि रूप पालटण्याची 'छलितकयोग' ही कलाही आहे. गृहिणीच्या वेषाचे त्याने प्रसंगानुसार भेद केले आहेत. पतीकडे जाताना घ्यावयाचा 'आभिगामिक' वेष विपुल अलंकारांचा, नाना प्रकारची फुले व उट्या यांनी नटलेला. तर विहारास निघतानाचा 'वैहारिक' वेष तलम, मोजक्या वस्त्रांचा आणि मोजक्या अलंकारांचा. नागरकाच्या दिनचर्येत पुरुषाच्या प्रसाधनाचेही तपशीलवार वर्णन येते. पण एक उणीव जाणवते. पत्नीचा वेष कसा असावा हे ग्रंथकार सांगतो, पतीला काय रुचेल हे गृहीत धरतो. ती स्वतः काय निवडील, हा प्रश्न त्याला या ठिकाणी पडत नाही.

३

ही उणीव भरून काढण्याचे काम शास्त्रकारांपेक्षा कवींनी अधिक केले. जयदेवाच्या 'गीतगोविंदा'त, म्हणजे बाराव्या शतकात, लीलेची दोन रूपे दिसतात. सहाव्या सर्गात विरहिणी राधा आपल्या अंगावरील भूषणांकडे वारंवार पाहत स्वतःलाच कृष्ण मानू लागते. येथे वेष हा अनुपस्थित प्रियकराला जवळ आणण्याचा उपाय आहे. परंतु तो एकटीचा खेळ आहे. अखेरच्या सर्गात चित्र पालटते. मीलनानंतर विस्कटलेला साज पुन्हा चढविण्याची आज्ञा राधा कृष्णाला करते : पत्रावळी रेखाव्या, काजळ घालावे, कुंडले चढवावी, केसांत फुले माळावी, मेखला बांधावी. काय, कोठे आणि कोणत्या क्रमाने, हे ती सांगते आणि तो करतो. साज चढविणारा हात त्याचा, निवड मात्र तिची. स्वाधीनभर्तृका नायिकेचे हे चित्र वात्स्यायनाच्या गृहीतकाला दिलेले उत्तरच वाटते.

यापुढचा टप्पा ब्रजभाषेतील रीतिकाव्यात गाठला गेला. ओरछाच्या केशवदासाने १५९१ मध्ये 'रसिकप्रिया' रचली. तीत त्याने दहा अलंकारांच्या जागी तेरा 'हाव' सांगितले, आणि त्यांची उदाहरणे देताना राधेचा हाव व कृष्णाचा हाव अशी दोन्ही अंगे मांडली. संस्कृत शास्त्रात लीला प्राधान्याने स्त्रीची होती : ती त्याचा वेष घेई. आता तोही तिचा वेष घेऊ लागला. वरवर पाहता हा केवळ वर्गीकरणातला बदल आहे. परंतु त्याचा अर्थ फार मोठा आहे. एकपक्षी अनुकरणाच्या जागी परस्परांची अदलाबदल आली.

सतराव्या शतकात आमेरच्या जयसिंहाच्या आश्रयास असलेल्या बिहारीने आपल्या 'सतसई'तील एका दोह्यात हीच अदलाबदल दोन ओळींत साठविली आहे. राधा कृष्ण होऊन आणि कृष्ण राधा होऊन दोघेही संकेतस्थळी येतात, असा त्याचा प्रसंग आहे. यातील 'संकेत' हा शब्द मला या सर्व परंपरेची किल्ली वाटतो. संस्कृतात संकेत म्हणजे भेटीचे ठरविलेले ठिकाण. पण त्याआधी संकेत म्हणजे दोघांनी मिळून केलेला ठराव. शब्दाचा अर्थदेखील संकेतानेच ठरतो, असे आपले भाषाविचारक सांगतात. दोघेही एकाच वेळी एकमेकांच्या वेषात येतात, ते आधी ठरविल्यावाचून कसे घडेल? वेष घेण्यापूर्वी संकेत झालेला आहे. किंबहुना तो झाला म्हणूनच वेषाला अर्थ आहे.

पहाडी चित्रकारांनी हा विषय आवडीने हाताळला. परस्परांची वस्त्रे ल्यालेल्या राधाकृष्णांचे, १८०० ते १८२५ च्या सुमाराचे एक कांगडा चित्र आज लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयात आहे. अशा चित्रांत चित्रकारापुढे एक अडचण असते : वेष बदलला तर कोण कोण आहे हे कळावे कसे? ती अडचण वर्णानेच सुटते. वस्त्रे स्त्रीची असली तरी कृष्णाची कांती सावळीच राहते, मुकुट ल्यालेली राधा गोरीच राहते. लीलेचे मर्म याहून स्पष्ट करून सांगता येणार नाही. येथे वेष लपण्यासाठी घेतलेला नसून त्या वेषातही ओळखले जावे यासाठी घेतलेला आहे.

४

लीलेच्या शेजारीच 'छद्म' उभे आहे, आणि पुष्कळदा दोहोंची गल्लत होते. 'कुमारसंभवा'च्या पाचव्या सर्गात शिव बटूच्या वेषाने येतो आणि तपस्विनी पार्वतीपुढे शिवाचीच निंदा करतो. प्रसंग रम्य आहे, पण ती लीला नव्हे. पार्वतीला हे माहीत नाही, तिची परीक्षा चालली आहे. आपल्या 'सौभद्रा'त (१८८२) यतिवेषातला अर्जुन सुभद्रेसमोर वावरतो, तेव्हाही जाणणारे कृष्णादी वेगळे आणि न जाणणारी सुभद्रा वेगळी. नाट्याची गंमत या विषमतेतच आहे. रंगभूमीवर ती शोभते. दोन माणसांच्या सहजीवनात ती शोभेलच असे नाही.

या दृष्टीने श्रीहर्षाच्या 'प्रियदर्शिके'तील तिसरा अंक विशेष विचारात घेण्यासारखा आहे. राणी वासवदत्तेच्या मनोरंजनासाठी तिच्याच प्रेमकथेचा प्रयोग व्हावयाचा आहे. वासवदत्तेची भूमिका आरण्यिकेकडे आहे, आणि राणी आपल्या अंगावरचे अलंकार उतरवून तिला देते. राजाची भूमिका मनोरमा करणार असते. परंतु ऐनवेळी राजा स्वतःच तिच्या जागी येतो आणि स्वतःचीच भूमिका करू लागतो. नाटकातले नाटक खरे होते. येथे वेष निर्दोष आहे, प्रेमही खोटे नाही. पण जिच्या अलंकारांनी हा खेळ सजला तीच त्यातून वगळली गेली आहे. हे उघडकीस येताच राणीचा कोप होतो, आणि तो अनाठायी म्हणता येत नाही. श्रीहर्ष राजाचा पक्षपाती असूनही त्याने हा कोप दाखविला, यात त्याची सचोटी आहे.

मराठी वाचकाला अधिक जवळची कथा भिल्लिणीची. स्कंदपुराणाच्या केदारखंडात शिवपार्वतींच्या द्यूताची कथा आहे. शिव सर्वस्व हरतो, रुसून वनात जातो, आणि पार्वती वनवासिनीच्या वेषाने जाऊन त्याला मोहवून परत आणते. श्रीधराने बारामतीस शके १६४० मध्ये, म्हणजे इ. स. १७१८ त पूर्ण केलेल्या 'शिवलीलामृता'मुळे ही भिल्लीण महाराष्ट्रात घरोघर पोहोचली. तिच्या कथेत छद्म आणि लीला यांची सीमारेषा लवचीक आहे. आरंभी शिव तिला ओळखत नाही, म्हणून ते छद्म. पण कथेचा आनंद ओळख पटण्यात आहे, म्हणून ती लीला. रुसवा काढण्यासाठी पार्वतीने राणीपणाचा वेष टाकून दिला, हेही अर्थपूर्ण आहे. जेथे जिंकणे-हरणे आड आले होते, तेथे जिंकणारीनेच आपली प्रतिष्ठा उतरवून ठेवली.

मात्र या कथेत आजच्या वाचकाला एक बोचणी लागल्यावाचून राहत नाही. भिल्लीण ही खरोखरीची स्त्री आहे. सातपुड्यात आणि मेवाडात ती राबते. ब्रजातल्या रासमंडळ्या जी मनिहारी लीला करतात, तीतील बांगड्या विकणारीही तशीच खरी. देवादिकांच्या आणि दरबाऱ्यांच्या शृंगारासाठी तिचा वेष वारंवार उसना घेतला गेला. तिला कोणी विचारले नाही. वेष निवडताना दोघांची संमती आवश्यक आहे, तसा ज्याचा वेष घ्यावयाचा त्याचा मान राखणेही आवश्यक आहे. आपल्या परंपरेने पहिली गोष्ट पुष्कळशी ओळखली, दुसरीकडे तिचे लक्ष गेले नाही.

५

दरबारांत या क्रीडेचे जे झाले त्याकडे पाहिले म्हणजे संमतीचा प्रश्न अधिक धारदार होतो. अवधचा वाजिद अली शाह हा कलावंत राजपुरुष होता, याविषयी वाद नाही. १८४३ मध्ये, युवराज असताना, त्याने 'राधा कन्हैया का किस्सा' रचून रंगविला. १८४७ ते १८५६ तो गादीवर होता. आणि आपल्या प्रेमप्रकरणांचा वृत्तांत त्याने स्वतःच 'इश्कनामा'त लिहिला. त्याच्या परीखान्यातील स्त्रिया नृत्यगायनात तयार झाल्या, त्यांना वस्त्राभरणे मिळाली, काहींना बेगमपदही लाभले. या साऱ्यात कलेचा उत्कर्ष होता. परंतु वेष ठरविणारा आणि तो चढविणारी यांच्यात अन्नदाता आणि आश्रित असे नाते होते. तिने 'हा वेष मला नको' म्हटले असते तर काय झाले असते, याचे उत्तर तिच्या हाती नव्हते. जेथे नकाराला जागा नाही तेथे होकाराचे मोल ठरविणे कठीण होते. ब्रजच्या कवींनी राधेला आज्ञा करण्याचा जो अधिकार दिला, तो परीखान्यात कितपत उरला असेल?

यावरून एक गोष्ट सिद्ध होते. लीला वेषाच्या भारीपणावर अवलंबून नाही. शाही जरीचा पोशाख तिला पुरा पडत नाही आणि एक मोरपीस तिला उणे पडत नाही. तिला हवे असते ते दोन जाणत्या, वयाने प्रौढ आणि मनाने मोकळ्या माणसांचे आधी ठरलेले बोलणे : कोणता वेष घ्यावयाचा, कोणता मुळीच घ्यावयाचा नाही, आणि कोणाही एकाच्या मनातून उतरताच तो उतरवून ठेवावयाचा. भूमिका राजाची असो वा दासीची, तिच्यातून बाहेर येण्याचा अधिकार दोघांचाही सारखा राहिला पाहिजे. भूमिकेतील विषमता हा खेळ आहे. भूमिका घेण्या-टाकण्यातील विषमता हा खेळ नव्हे.

दांपत्यजीवनात नावीन्य ओसरते आणि परस्परांविषयीचे कुतूहल मावळते, हे कवींना ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी राधाकृष्णांसारख्या आदर्श युगुलालाही वेष बदलावयास लावले. दुसऱ्याची वस्त्रे अंगावर घेतली की त्यांची ऊब कळते, तशीच त्यांची अडचणही कळते. मुकुटाचे ओझे राधेला कळावे आणि ओढणी सावरताना होणारी तारांबळ कृष्णाला कळावी, हा या अदलाबदलीचा आणखी एक लाभ आहे, आणि तो वेष उतरल्यावरही शिल्लक राहतो. शास्त्रकारांनी लीलेला 'अलंकार' म्हटले ते या अर्थाने मला यथार्थ वाटते. जो वेष दोघांनी मिळून निवडला तोच अलंकार होतो. एकाने दुसऱ्यावर लादला, तर तो कितीही सुंदर असो, त्याला आपल्या शास्त्रात लीला हे नाव नाही.