पडद्यावरचा विद्युत परिपथ

विजेचा प्रवाह डोळ्यांना दिसत नाही, ही विज्ञान शिकविणाऱ्यांची जुनी अडचण. दिवा पेटलेला दिसतो, तारेतून काय वाहते ते मात्र मुलांनी मनानेच ताडायचे. मग 'दिवा करंट खाऊन टाकतो' अशा समजुती होतात आणि त्या डिप्लोमापर्यंत टिकतात, हे मी पाहिले आहे.

संगणकावर विज्ञान शिकविण्याचे प्रयत्न तसे जुनेच. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० साली 'प्लेटो' ही यंत्रणा सुरू झाली. पुढे तिच्या पडद्यावर रसायनशास्त्राचे प्रयोगही होऊ लागले. आपल्याकडे १९८४ मध्ये 'क्लास' प्रकल्पातून काही शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. पण या गोष्टी मोजक्यांच्याच वाट्याला आल्या.

कोलोरॅडो विद्यापीठातील कार्ल वायमन यांना २००१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. आपल्या संशोधनावर व्याख्याने देताना त्यांच्या लक्षात आले की श्रोत्यांच्या ध्यानात राहतात ती पडद्यावरची हलती चित्रे. २००२ मध्ये त्यांनी 'फेट' हा प्रकल्प सुरू केला. बक्षिसाच्या रकमेतील काही भागही त्यात घातला. ही सिम्युलेशन्स कुणालाही फुकट वापरता येतात.

त्यातील विद्युत परिपथाचा संच पाहण्याजोगा आहे. बॅटरी, तारा, दिवा माउसने जोडायचे, की तारेतून इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. दिव्याच्या आधी जितके, तितकेच नंतर! त्याच विद्यापीठात काही विद्यार्थ्यांना खऱ्या साहित्यावर आणि काहींना या संचावर शिकवून, नंतर सर्वांना खरा परिपथ जोडायला दिला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पडद्यावर शिकलेल्यांनी तो लवकर जोडला आणि त्याचे कारणही अधिक चांगले सांगितले.

आमच्या रेल्वेचे ट्रॅक सर्किटसुद्धा यावर मांडता येते. दोन लांब तारा म्हणजे रूळ. एका टोकाला बॅटरी आणि तिच्यालगत रोध, दुसऱ्या टोकाला रिलेच्या जागी दिवा. मध्ये आडवी तार टाकली, म्हणजे गाडीचे चाक-आस आले, की दिवा विझतो. प्रत्यक्षात रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. रुळाची तार तोडली तरी दिवा विझतोच. बिघाड झाला तरी गाडी थांबावी, ही विल्यम रॉबिन्सन यांची १८७२ ची युक्ती. रोध विसरून आडवी तार टाकली, तर पडद्यावरची बॅटरी पेट घेते. ते मुलांना फार आवडते!

ढिला स्क्रू आणि तापलेल्या तारेचा वास मात्र पडद्यावर मिळत नाही. त्यासाठी पक्कड हातात घ्यावीच लागते. म्हणून आधी पडदा आणि लगेच खरे साहित्य, हा क्रम मला योग्य वाटतो.

फेटची जुनी सिम्युलेशन्स जावा व फ्लॅशवर होती. २०२० अखेर फ्लॅश बंद झाले, पण परिपथाचा संच त्याआधीच नव्या रूपात आला होता. तो आता साध्या मोबाईलवरही चालतो.