हावडा पूल: बांधकाम आणि वाहतूक
कोलकाता आणि हावडा यांना जोडणारा पहिला पूल १८७४ साली सुरू झाला. तो तरंगता होता. रस्ता हुगळी नदीत नांगरलेल्या पोकळ पाँटूनांवर टेकवलेला होता. मोठे जहाज आले की मधला सुमारे २०० फुटांचा भाग बाजूला सारावा लागे आणि तोवर हावडा स्थानकाकडे निघालेली माणसे व गाड्या काठावर खोळंबत. १९०६ पासून जहाजे रात्रीही सोडू लागले आणि दिवसाचा खोळंबा घटला. एकही खिळा न ठोकता झालेली ही सुधारणा मला महत्त्वाची वाटते.

सध्याचा पूल १९३६ ते १९४२ या काळात बांधला गेला. तो कँटिलिव्हर का, असे विचारल्यास विद्यार्थी फक्त १५०० फुटांच्या गाळ्याचे कारण लिहितात. ते अपुरे आहे. दोन्ही काठांवरून पोलादी बाहू पुढे वाढवत नेऊन मध्यभागी जोडले. त्यामुळे पात्रात खांब नकोत, खालून आधाराचा सांगाडाही नको. जहाजांची वाट मोकळी राहिली. सुमारे २६,५०० टन पोलाद लागले, त्यातले बहुतेक टाटांचे. जागा जुन्या पुलाशेजारी निवडली होती, म्हणून फेब्रुवारी १९४३ मध्ये नवा पूल खुला होईपर्यंत रस्त्यावरची वाहतूक त्या तरंगत्या पुलावरूनच चालू राहिली.