सूत्र आणि हालचाल : सांगलीच्या बाहुल्यांविषयी

मराठी रंगभूमीचा इतिहास शिकवताना आपण ५ नोव्हेंबर १८४३ पासून, म्हणजे विष्णुदास भावे यांनी सांगलीत सादर केलेल्या 'सीतास्वयंवरा'पासून आरंभ करतो. भावे यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या, ही बाब मात्र एखाद्या ओळीत उरकली जाते. जणू तो केवळ छंद होता. ही विभागणी मला मान्य नाही.

सूत्रबाहुलीचा चेहरा एकदा कोरला की बदलत नाही. बदलते ती मान, मनगट, खांद्याचा किंचित कल. मान बोटभर झुकली की प्रेक्षक तिला लज्जा म्हणतो. तीच झटक्याने वळली की संताप. अखंड हलणारी बाहुली मात्र काहीच सांगत नाही. थांबणे हाही तिचा अभिनयच.

आता नाटकाकडे पाहू. १८४२ साली कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीच्या अप्पासाहेब पटवर्धनांनी भाव्यांना तसे मराठीत करण्यास सांगितले, हे सर्वश्रुत आहे. त्या नाटकांत पदे सूत्रधार गाई आणि पात्रे त्यानुसार हावभाव करीत. ही रचना भागवतांकडून आली हे खरेच. पण तिथे दोऱ्याचे काम गाणे करते, हे बाहुल्या घडवणाऱ्या हाताला उमगले नसेल असे म्हणवत नाही. ('सूत्रधार' या शब्दाच्या आधारे जर्मन पंडित पिशेल यांनी संस्कृत नाटकाचे मूळच बाहुल्यांच्या खेळात शोधले होते. तो वाद स्वतंत्र.)

निर्जीवाला चालते करण्याची ही ओढ पुढे फाळक्यांच्या १९१५ च्या 'आगकाड्यांची मौज'मध्ये दिसते. आज ती संकेतस्थळांवर आली आहे. डॅन सॅफर यांच्या २०१३ च्या पुस्तकाने अशा लहान प्रतिसादांना 'मायक्रोइंटरॅक्शन' हे नाव रूढ केले. दाबलेले बटण किंचित आत जाते, ते आपल्या स्पर्शाला उत्तर म्हणून. पण पान उघडताच चहूबाजूंनी सरकत येणारी चित्रे कोणाला उत्तर देतात? ती अखंड हलणारी बाहुलीच.

याउलट मॅक संगणकावर परवलीचा शब्द चुकला की चौकट डावीउजवीकडे हलते. एक अक्षरही न लिहिता ती मान हलवून 'नाही' म्हणते. भाव्यांच्या बाहुल्या पुढे रामदास पाध्ये यांनी जतन करून पुन्हा रंगमंचावर आणल्या. विद्यार्थ्यांनी तो प्रयोग पाहिला तर चेहऱ्यांऐवजी माना पाहाव्यात.